पत्ता एक, यंत्रे अनेक : नॅटच्या मागच्या क्लायंटना फाइल-शेअर देताना

सर्व्हरवर हिशेबाचा एक फोल्डर आहे. दुसऱ्या इमारतीतल्या सात संगणकांपैकी तिघांनाच तो उघडता यायला हवा. सर्व्हरच्या एक्सपोर्ट्स फाइलमध्ये त्या तिघांचे आयपी पत्ते लिहायला बसले की अडचण समोर येते. सातही संगणक एका राउटरच्या मागे आहेत, राउटर नॅट करतो आणि सर्व्हरला सगळ्यांच्या विनंत्या २०३.०.११३.७ याच पत्त्यावरून येताना दिसतात. तो पत्ता लिहिला तर सातही जण आत येतात. नाही लिहिला तर ते तिघेही बाहेर राहतात.

शाखा कार्यालये, महाविद्यालयांच्या लॅब, व्हर्च्युअल मशीन, कंटेनर, घरून काम करणारी माणसे, सगळीकडे हा प्रश्न आहे. त्यावर हमखास मिळणारा सल्ला म्हणजे ‘इन्सिक्युअर’ हा पर्याय लिहून मोकळे व्हा. माउंट होते, काम सुरू होते आणि कोणाला प्रवेश दिला हा मूळ प्रश्न तसाच राहतो. नॅटच्या मागे पत्ता ही ओळख उरत नाही, हे एकदा मान्य केले की उपायांची वर्गवारी सोपी होते. टिकणारा प्रत्येक उपाय दोनपैकी एक काम करतो : पत्त्याला किल्लीशी बांधून त्याला पुन्हा विश्वासार्ह करतो, किंवा ओळख पत्त्यावरून काढून प्रत्येक विनंतीत घालतो. बाकीचे उपाय कुंपणापुरते आहेत. कुंपण हवेच, पण त्यालाच कुलूप समजू नये.

पत्त्यावरचा विश्वास कुठून आला

सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ च्या सुमारास फाइल-शेअरचा एनएफएस हा प्रोटोकॉल घडवला, तेव्हा एका संस्थेची यंत्रे एकाच जाळ्यावर असत. प्रत्येकाला स्वतःचा पत्ता असे आणि रूटचा पासवर्ड मोजक्या प्रशासकांच्या हातात असे. त्या जगात तीन गृहीतके चालून गेली. पत्ता म्हणजे यंत्र, हे पहिले. १०२४ च्या खालच्या पोर्टवरून आलेली विनंती रूटच्या अधिकाराने निघालेली असते, हे दुसरे. आणि यंत्र जो वापरकर्ता क्रमांक सांगेल तो खरा, हे तिसरे.

तिसरे गृहीतक ऑथ-सिस या पद्धतीत आजही जसेच्या तसे आहे. क्लायंट प्रत्येक विनंतीबरोबर वापरकर्ता क्रमांक, गट क्रमांक आणि जास्तीत जास्त १६ पूरक गट पाठवतो. त्यासोबत ना पासवर्ड असतो, ना सही. रूट-स्क्वॉश शून्य क्रमांकाच्या वापरकर्त्याला सामान्य करतो, एवढेच. ‘मी १००१ आहे’ असे खोटे सांगणाऱ्याला तो अडवत नाही. म्हणजे ऑथ-सिसची सगळी मदार पहिल्या दोन गृहीतकांवर आहे.

मे १९९४ मध्ये आरएफसी १६३१ ने नॅटची कल्पना मांडली आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये आरएफसी १९१८ ने खासगी पत्त्यांचे पट्टे ठरवून दिले. आयपीव्ही४ चे पत्ते अपुरे पडत होते, त्यामुळे दोन्ही गोष्टी झपाट्याने रुजल्या. २०१२ मध्ये सेवा कंपन्यांच्या स्वतःच्या नॅटसाठी १००.६४.०.० पासूनचा वेगळा पट्टा राखला गेला. अशा जोडणीत घरच्या राउटरच्या वर कंपनीचे आणखी एक नॅट असते आणि बाहेर दिसणारा पत्ता अनेक अनोळखी घरांचा सामाईक असतो. घरून काम करणाऱ्या सहकाऱ्याचा पत्ता म्हणून तो एक्सपोर्ट्समध्ये लिहिला, तर त्या सगळ्या घरांना परवानगी दिल्यासारखे होते.

नॅट नेमके काय मोडते

ओळख पुसली जाणे हा पहिला परिणाम. दुसरा परिणाम पोर्टवर होतो, आणि बहुतेकांची या प्रश्नाशी गाठ तिथेच पडते. क्लायंटवर ‘ॲक्सेस डिनाइड’ येते. एक्सपोर्ट्स दहादा तपासले तरी चूक सापडत नाही. मग सर्व्हरच्या लॉगमध्ये एक ओळ दिसते : माउंटची विनंती नाकारली, इल्लीगल पोर्ट ४९१६०. लिनक्सचा सर्व्हर मुळात ‘सिक्युअर’ या पर्यायावर चालतो, म्हणजे विनंती १०२४ च्या खालच्या पोर्टवरून यावी असा आग्रह धरतो. क्लायंटने तसे पोर्ट वापरलेलेही असते. वाटेतल्या नॅटने ते बदललेले असते.

प्रत्येक नॅट असे करत नाही. लिनक्सचा नेटफिल्टर शक्यतो मूळ पोर्ट राखतो, आणि ते मोकळे नसेल तर त्याच वर्गातले दुसरे देतो. ५१२ ते १०२३ मधल्या पोर्टच्या जागी तो ६०० ते १०२३ मधलेच पोर्ट शोधतो. म्हणून लिनक्सच्या राउटरमागचे माउंट बिनबोभाट चालते. व्हर्च्युअलबॉक्सच्या नॅटमध्ये किंवा क्यूईएमयूच्या यूजर नेटवर्किंगमध्ये मात्र होस्टवरची एक साधी प्रक्रिया स्वतःचे सॉकेट उघडते. तिला खालचे पोर्ट घेण्याचा अधिकार नसतो, त्यामुळे तिथे नकार ठरलेला.

‘इन्सिक्युअर’ लिहिल्यावर काय गमावले जाते, ते नीट समजून घ्यावे. लॅपटॉपचा मालकच त्यावरचा रूट असतो, त्यामुळे खालच्या पोर्टचा आग्रह अशा यंत्रापुढे निष्प्रभ आहे. पण अनेक विद्यार्थी लॉगिन करतात अशा सामाईक यंत्रावर तो आग्रह अजून काम करतो. तो काढला की त्या यंत्रावरचा कोणताही साधा वापरकर्ता लिबएनएफएससारखी लायब्ररी वापरून स्वतःचा एनएफएस क्लायंट चालवू शकतो आणि हवा तो वापरकर्ता क्रमांक सांगू शकतो. ऑथ-सिसबरोबर ‘इन्सिक्युअर’ लिहिणे ही खरी सूट आहे. पुढे येणाऱ्या कर्बेरोसबरोबर लिहिले तर फारसे बिघडत नाही, कारण तिथे पोर्टवर काहीच अवलंबून नसते.

तिसरा परिणाम उलट दिशेच्या जोडणीवर होतो. नॅट आतून बाहेर जाणाऱ्या जोडण्या सांभाळते. बाहेरून आत येणारी जोडणी कोणाकडे द्यायची ते त्याला ठाऊक नसते. एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीत लॉकसाठी वेगळी यंत्रणा आहे. लॉक मिळाले की सर्व्हर क्लायंटला उलट कळवतो, आणि सर्व्हर रीस्टार्ट झाला की ‘आपली लॉक पुन्हा मागा’ असा निरोप धाडतो. नॅटमागच्या क्लायंटपर्यंत तो निरोप पोचत नाही. क्लायंट समजतो की लॉक आपल्याकडेच आहे, सर्व्हरच्या नोंदीत ते नसते आणि दुसरा कोणी तीच फाइल लिहायला घेतो. पडद्यावर चूक दिसत नाही, विदा मात्र बिघडतो. प्रवेश नाकारला जाण्यापेक्षा हे कितीतरी वाईट आहे.

चौथ्या आवृत्तीने ही गाठ टप्प्याटप्प्याने सोडवली. लॉक मूळ प्रोटोकॉलमध्येच आले आणि २०४९ हे एकच पोर्ट पुरेसे झाले. पोर्टमॅपरचे १११ आणि माउंटडीचे बदलते पोर्ट यांची गरज संपली. तरी ४.० मध्ये डेलिगेशन, म्हणजे क्लायंटकडे तात्पुरता सोपवलेला फाइलचा ताबा, परत मागण्यासाठी सर्व्हरला क्लायंटकडे वेगळी जोडणी उघडावी लागे. नॅटमध्ये ती उघडत नाही, म्हणून सर्व्हर डेलिगेशनच देत नाही आणि कामाचा वेग घटतो. जानेवारी २०१० मध्ये आरएफसी ५६६१ ने आलेल्या ४.१ आवृत्तीत सेशन आले, आणि क्लायंटने उघडलेल्या जोडणीवरूनच सर्व्हरला उलट बोलता येऊ लागले. नॅट वाटेत असेल तर ४.१ च्या खाली उतरू नये, असे मी ठामपणे म्हणतो ते यासाठी.

चौथा परिणाम दुबार विनंत्या ओळखण्यावर होतो, आणि तिथेही सेशनचाच लाभ होतो. तिसऱ्या आवृत्तीत एखादी विनंती दुसऱ्यांदा आली आहे का, हे लिनक्सचा सर्व्हर विनंतीच्या क्रमांकाबरोबर पत्ता आणि पोर्ट पाहून ओळखतो. जोडणी तुटून पुन्हा जुळताना नॅटने नवे पोर्ट दिले तर तीच विनंती नवी वाटते. फाइल खोडण्याची विनंती सर्व्हरने एकदा पुरी केलेली असते, तरी दुसऱ्या खेपेला ‘अशी फाइल नाही’ असे उत्तर येते. ४.१ मध्ये हा हिशेब सेशनमधल्या स्लॉटवर आणि अनुक्रमांकावर चालतो, पत्त्यावर नाही.

पाचवा परिणाम क्लायंटच्या नावाचा. चौथ्या आवृत्तीत प्रत्येक क्लायंट सर्व्हरला स्वतःची एक ओळख-ओळ कळवतो. लिनक्समध्ये ती मुख्यतः होस्टनेमवर बेतलेली असते. एकाच प्रतिमेवरून क्लोन केलेली दहा व्हर्च्युअल मशीन ‘लोकलहोस्ट’ याच नावाने आली, तर सर्व्हरला ती एकच यंत्र वाटतात. दुसरे आले की ‘पहिले रीस्टार्ट झाले’ असे समजून तो पहिल्याची लॉक मोडीत काढतो. उपाय दोन : प्रत्येकाचे होस्टनेम वेगळे ठेवावे, किंवा एनएफएस मॉड्यूलच्या युनिक-आयडी पॅरामीटरला प्रत्येक यंत्रावर वेगळे मूल्य द्यावे.

विंडोजच्या बाजूला

विंडोजच्या फाइल-शेअरचा प्रोटोकॉल एसएमबी, त्याची घडण मुळातच वेगळी. ते यंत्राऐवजी वापरकर्त्याला ओळखते, त्यामुळे नॅटमागे त्याचा पाया हलत नाही. तरी पहिल्या आवृत्तीत एक चमत्कारिक खोड होती. नवी जोडणी स्वतःला शून्य क्रमांकाचे व्हर्च्युअल सर्किट म्हणवून आली की सर्व्हर त्या पत्त्यावरच्या जुन्या सगळ्या जोडण्या मेल्या असे मानून तोडत असे. नॅटमागचा दुसरा माणूस आत आला की पहिल्याचे काम अर्ध्यावर तुटे. साम्बामध्ये हीच वागणूक चालू-बंद करणारा पर्याय होता. पुढच्या आवृत्त्यांत सेशनला स्वतंत्र क्रमांक मिळाला आणि ही खोड गेली. मे २०१७ मध्ये वॉनाक्रायने पहिल्या आवृत्तीची उरलीसुरली पतही घालवली. साम्बातला ‘होस्ट्स अलाऊ’ हा पर्याय पत्त्यावर चालतो, म्हणून त्याची मर्यादा एनएफएसच्या यादीसारखीच आहे. खरा पहारा वापरकर्त्याच्या खात्यावर ठेवावा.

कुंपणाचे उपाय

पहिला उपाय नॅट करणाऱ्या राउटरवरच गाळणी लावण्याचा. खरे खासगी पत्ते त्यालाच दिसतात. २०४९ कडे जाणारी जोडणी त्या तीन यंत्रांनाच उघडावी, बाकीच्या चौघांची तिथेच अडवावी. राउटर आपल्या ताब्यात असेल तर हे लगेच होते. किंवा तिघांसाठी एक वेगळा सार्वजनिक पत्ता राखून त्यांचे नॅट त्यावर वळवावे, म्हणजे सर्व्हरवरच्या यादीला अर्थ येतो. दोन्हींत कमजोरी एकच : चौथ्या संगणकाने पहिल्याचा खासगी पत्ता लावून घेतला तर गाळणीला कळत नाही. व्यवस्थापित स्विच असेल तर पोर्टनिहाय बंधन घालून हे भोक बरेचसे बुजवता येते.

दुसरे कुंपण सर्व्हरवरचे. सगळ्यांना वाचू द्यायला हरकत नाही असा मजकूर, म्हणजे सॉफ्टवेअरच्या प्रती, अभ्याससाहित्य, हे फक्त वाचनासाठी आणि ऑल-स्क्वॉश लावून द्यावे. मग कोण कोणता क्रमांक सांगतो याला महत्त्व उरत नाही. शिवाय प्रत्येक एक्सपोर्टला स्वतंत्र फाइल-सिस्टिम द्यावी. एकाच फाइल-सिस्टिममधला एक उपफोल्डर उघडला, तर फाइल-हँडलचा अंदाज बांधून शेजारच्या फोल्डरपर्यंत पोचता येण्याचा धोका असतो.

कंटेनर चालवणाऱ्यांनी एक बाब ध्यानात ठेवावी. कंटेनरच्या आतून केलेले माउंट होस्टच्या पत्त्यावर नॅट होते, आणि कुबरनेटीजमध्ये एनएफएस व्हॉल्यूम तर नोड स्वतःच माउंट करतो. दोन्हीकडे सर्व्हरला नोडचाच पत्ता दिसतो. नोडला परवानगी दिली म्हणजे त्यावर येऊ शकणाऱ्या प्रत्येक पॉडसाठी वाट मोकळी झाली. तिथली खरी वाटणी क्लस्टरच्या आतल्या परवानग्यांनीच करावी लागते.

टनेल : पत्त्याला किल्लीशी बांधणे

एसएसएचमधून पोर्ट वळवून एनएफएस चालवणे पुष्कळांना सुचते. वाटेत मजकूर गुप्त राहतो, हे खरे. पण सर्व्हरला विनंती १२७.०.०.१ वरून आणि वरच्या पोर्टवरून आलेली दिसते. म्हणजे ‘इन्सिक्युअर’ लिहावेच लागते, आणि परवानगी खुद्द सर्व्हरच्याच पत्त्याला द्यावी लागते. त्या सर्व्हरवर लॉगिन असलेला कोणीही मग स्वतःच्याच यंत्रावरून आत शिरू शकतो. एखाद्या दिवसाच्या निकडीला ठीक. कायमची व्यवस्था म्हणून नको.

वायरगार्ड मात्र या प्रश्नासाठीच घडवल्यासारखे बसते. मार्च २०२० मध्ये लिनक्स ५.६ बरोबर ते मूळ कर्नलमध्ये आले. त्याचा गाभा असा : प्रत्येक क्लायंटच्या सार्वजनिक किल्लीपुढे ‘अलाऊड आयपीज’ या ओळीत त्याचा आतला पत्ता लिहायचा. त्या किल्लीने उलगडलेल्या पॅकेटवर दुसराच पत्ता असेल तर ते टाकून दिले जाते. तिघांना १०.८.०.११, १०.८.०.१२ आणि १०.८.०.१३ असे आतले पत्ते द्यावेत, एक्सपोर्ट्समध्ये तेवढेच तीन लिहावेत आणि सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये २०४९ फक्त वायरगार्डच्या इंटरफेसवर उघडावे. पत्त्याची यादी पुन्हा खऱ्या अर्थाने यादी होते. टनेलच्या आत नॅट नसल्यामुळे खालचे पोर्टही शाबूत पोचते आणि ‘इन्सिक्युअर’ची गरज उरत नाही. बाहेर कितीही नॅट असोत, पर्सिस्टंट-कीपअलाइव्ह २५ सेकंदांवर ठेवले की राउटरमधली नोंद जिवंत राहते.

एक खाचखळगा सांगायलाच हवा. माउंट होते, लहान फोल्डरची यादी येते आणि मोठी फाइल उघडताच सगळे गोठते, असे दिसले तर परवानग्या तपासत बसू नये. पॅकेटचा आकार तपासावा. वायरगार्डचा एमटीयू बहुधा १४२० असतो आणि वाटेत आणखी एखादे आवरण असेल तर तोही मोठा पडतो. तो कमी करून पाहिला की बहुतेकदा गाडी रुळावर येते.

वायरगार्डची मर्यादाही स्पष्ट आहे. ते यंत्र ओळखते, माणूस नाही. त्या तीन यंत्रांपैकी एकावर दहा जण लॉगिन करत असतील, तर ऑथ-सिसची भिस्त त्या यंत्राच्या प्रशासकावरच राहते.

कर्बेरोस : ओळख विनंतीत

सप्टेंबर १९९७ च्या आरएफसी २२०३ ने आरपीसीला जीएसएसची जोड दिली आणि एनएफएसमध्ये कर्बेरोसची वाट खुली झाली. इथे प्रत्येक विनंतीबरोबर वापरकर्त्याच्या ओळखीचा पुरावा येतो. पातळ्या तीन. केआरबी५ फक्त ओळख पटवते, केआरबी५आय मजकुरात फेरफार झाला नाही याची हमी देते आणि केआरबी५पी सगळे गुप्त ठेवते. नॅटपलीकडे, इंटरनेटवरून जायचे असेल तर केआरबी५पी वापरावे. एक्सपोर्ट्समध्ये पत्त्याच्या जागी तारांकन लिहिले तरी तिकीट नसलेल्याला फाइल मिळत नाही.

नॅट आणि कर्बेरोस जमत नाहीत, हा समज जुन्या दिवसांतला. पूर्वी तिकिटात क्लायंटचा पत्ता लिहिला जाई आणि नॅटने तो बदलला की तिकीट बाद ठरे. २००५ च्या आरएफसी ४१२० मध्ये तिकिटातला पत्ता ऐच्छिक आहे आणि आजच्या एमआयटी कर्बेरोसमध्ये तो मुळात घातलाच जात नाही.

अडचणी येतात त्या रोजच्या कारभारात. यंत्रांच्या घड्याळांत ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. किल्ल्या वाटणारा सर्व्हर नॅटच्या आतून पोर्ट ८८ वर गाठता यावा लागतो. आणि तिकिटाची मुदत संपते : ॲक्टिव्ह डिरेक्टरीत ती सहसा १० तासांची असते. संध्याकाळी लावलेले लांबलचक गणित पहाटे ‘परवानगी नाही’ म्हणून थांबते, ते यामुळे. अशा कामांना वेगळे खाते आणि कीटॅब द्यावी. एवढी व्यवस्था सांभाळणारा माणूस संस्थेत नसेल, तर कर्बेरोस अर्धवट बसते आणि चार दिवसांत कोणीतरी ‘सेक-सिस’, म्हणजे पुन्हा ऑथ-सिस, लिहून मोकळा होतो. त्यापेक्षा नीट बसवलेले वायरगार्ड शतपटीने बरे.

टीएलएस : नवी वाट

सप्टेंबर २०२२ मध्ये आरएफसी ९२८९ ने आरपीसीवर टीएलएसची पद्धत ठरवून दिली. फ्रीबीएसडीत ती २०२१ च्या १३.० पासून आहे. लिनक्समध्ये २०२३ साली ६.४ कर्नलने सर्व्हरची बाजू आणली आणि ६.५ ने क्लायंटची. एक्सपोर्ट्समध्ये ‘एक्सपीआरटीसेक’ला ‘एमटीएलएस’ हे मूल्य दिले की प्रमाणपत्र न दाखवणाऱ्या यंत्राला सर्व्हर उभेच करत नाही. वेगळे टनेल नको, वेगळे आतले पत्ते नकोत, आणि नॅटला आडवे येण्याजोगे काही नाही.

दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. विश्वास ठेवलेल्या संस्थेने सही केलेले कोणतेही प्रमाणपत्र चालत असल्याने सही करणारी संस्था आपली, खासगी आणि याच कामापुरती असावी. आणि प्रमाणपत्र यंत्राचे असते. वापरकर्ता क्रमांक ऑथ-सिसचाच येत असेल तर यंत्रातला माणूस अजूनही न तपासलेलाच आहे. विंडोजकडे याच धर्तीवर क्विकवरून एसएमबी चालवण्याची सोय आहे. ते यूडीपी ४४३ वापरते, त्यामुळे ४४५ अडवणाऱ्या जाळ्यांतूनही जाते. आधी ही सोय विंडोज सर्व्हर २०२२ च्या अझूर आवृत्तीपुरती होती, सर्व्हर २०२५ मध्ये सर्व आवृत्त्यांत आली.

आयपीव्ही६ आले की हा प्रश्नच मिटेल, असेही सांगितले जाते. प्रत्येक यंत्राला स्वतःचा पत्ता मिळतो, हे खरे. पण खासगीपणासाठी यंत्रे ते पत्ते ठरावीक काळाने बदलतात. नॅट गेले तरी पत्त्याच्या आधारावर ओळख ठरवणे पुन्हा अवघडच राहते.

कोणी काय निवडावे

पाच-पंचवीस यंत्रांच्या कार्यालयाने, जिथे प्रत्येक यंत्राचा वापरकर्ता ठरलेला आहे, वायरगार्ड आणि एनएफएस ४.१ किंवा ४.२ घ्यावे. एका सकाळचे काम आहे. विद्यापीठाच्या लॅब, रुग्णालये, मोठी कार्यालये, जिथे एका यंत्रावर अनेक माणसे बसतात, तिथे कर्बेरोसला पर्याय नाही; ॲक्टिव्ह डिरेक्टरी किंवा फ्रीआयपीए आधीच असेल तर अर्धे काम झालेलेच असते. नवे कर्नल हाताशी असलेल्या आणि सर्व्हर-ते-सर्व्हर वाहतूक असलेल्या ठिकाणी एमटीएलएस घ्यावे. विकासकाच्या लॅपटॉपवरच्या व्हर्च्युअल मशीनसाठी ‘इन्सिक्युअर’ चालेल, पण तो एक्सपोर्ट त्या लॅपटॉपच्या बाहेर दिसता कामा नये. आणि ऑथ-सिसवर चालणारे २०४९ थेट इंटरनेटवर उघडणे, हे कोणत्याही परिस्थितीत नको.

व्यवस्था बसवल्यावर ती तपासण्याची सोयही हाताशी आहे. लिनक्स ५.३ पासून सर्व्हरच्या प्रॉक फाइल-सिस्टिममध्ये एनएफएसडीखाली ‘क्लायंट्स’ नावाचा फोल्डर मिळतो. चौथ्या आवृत्तीच्या प्रत्येक क्लायंटचा तिथे वेगळा उपफोल्डर असतो आणि त्यातल्या ‘इन्फो’ फाइलमध्ये पत्ता, पोर्ट आणि क्लायंटने सांगितलेले नाव असते. २०३.०.११३.७ या एकाच पत्त्यापुढे सात वेगवेगळी नावे दिसली, तर यादीत लिहिलेल्या एका पत्त्याने नेमके किती जणांना आत घेतले ते डोळ्यांनी दिसते. नको असलेल्याच्या ‘सीटीएल’ फाइलमध्ये ‘एक्स्पायर’ लिहिले की त्याची लॉक आणि उघड्या फाइली लगेच मोडीत निघतात. पण परवानगी पत्त्यावरच असेल तर तो दुसऱ्या क्षणी परत येतो.

म्हणून प्रत्येक शेअरपुढे प्रशासकाने एक साधा प्रश्न लिहून ठेवावा : उद्या या एका यंत्राचा किंवा या एका माणसाचा प्रवेश काढायचा ठरला, तर बाकीच्यांना धक्का न लावता तो काढता येईल का? वायरगार्डमध्ये एक किल्ली पुसली की काढता येतो. कर्बेरोसमध्ये एक खाते बंद केले की हातातल्या तिकिटाची मुदत सरताच प्रवेश संपतो. नॅटच्या पत्त्यावर दिलेल्या परवानगीत तो काढता येत नाही, आणि जो प्रवेश एकट्याचा काढता येत नाही तो मुळात त्या एकट्याला दिलेलाच नव्हता.